रोज एक गोळी, तीही आयुष्यभर? क्रॉनिक ल्युकेमियासाठी नवी 'टार्गेट्स' का शोधली जात आहेत

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ३६ जीवरक्षक औषधांवरचं मूळ सीमाशुल्क माफ करण्याची घोषणा झाली. कॅन्सर, दुर्मीळ आजार आणि इतर गंभीर दीर्घकालीन आजारांवरच्या औषधांची ती यादी होती. त्यात एक नाव होतं ॲसिमिनिब. त्याआधी चारच महिने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अमेरिकेच्या एफडीएने हे औषध क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचं नव्याने निदान झालेल्या रुग्णांसाठी मंजूर केलं होतं.

आता यात एक कोडं आहे. सीएमएल हा तर 'गोळीने काबूत येणारा कॅन्सर' म्हणून जगभर ओळखला जातो. इमॅटिनिब नावाची गोळी २००१ पासून बाजारात आहे, ती परिणामकारक आहे आणि भारतात तिच्या जेनेरिक आवृत्त्याही मिळतात. मग नवं औषध कशाला? आणि शास्त्रज्ञ या आजारात अजून नवनवी 'टार्गेट्स' का शोधत आहेत?

याचं उत्तर थोडक्यात असं, की आजार काबूत येणं आणि आजार जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोन गोष्टींमधलं अंतर कापण्यासाठी सगळी धडपड सुरू आहे.

आधी हे 'टार्गेट' म्हणजे काय?

जुनी केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या पेशींवर सरसकट हल्ला करते. म्हणून कॅन्सरच्या पेशींबरोबर केस जातात, तोंड येतं, प्रतिकारशक्ती घसरते. टार्गेटेड औषधाचं गणित वेगळं असतं. कॅन्सरची पेशी ज्या एका प्रथिनाच्या जोरावर जगते, ते प्रथिन शोधायचं आणि तेवढंच बंद पाडायचं. ते प्रथिन म्हणजे टार्गेट.

सीएमएलमध्ये हे टार्गेट सापडायला ३० वर्षं लागली. १९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींमध्ये एक विचित्र, आखूड गुणसूत्र दिसलं. शहराच्या नावावरून त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' म्हटलं जाऊ लागलं. ते आखूड का झालं, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं. ९ क्रमांकाच्या आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून आपसांत जागा बदलतात. या अदलाबदलीत ९ वरचं एबीएल हे जनुक २२ वरच्या बीसीआर जनुकाला जाऊन चिकटतं. यातून तयार होतं बीसीआर-एबीएल नावाचं एक जोडजनुक, जे निरोगी माणसाच्या शरीरात हा आजार घडवण्याइतक्या प्रमाणात नसतं.

एबीएल हे मूळचं काही वाईट जनुक नाही. त्याचं प्रथिन पेशीला 'वाढ' असा इशारा देतं आणि काम झालं की बंद होतं. बीसीआर चिकटल्यावर मात्र ते बंदच होत नाही. स्कूटरचा ॲक्सिलरेटर अडकून बसावा तसं. मग अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी बेसुमार तयार होत राहतात, प्लीहा सुजते, थकवा येतो, वजन घटतं. कित्येकांना तर काहीच त्रास नसतो आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीबीसी तपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा लाखांत दिसतो, तेव्हा आजार कळतो. उपचार झाले नाहीत तर काही वर्षांत हा संथ आजार तीव्र रूप घेतो. त्याला 'ब्लास्ट क्रायसिस' म्हणतात आणि त्या टप्प्यावर रुग्णाला वाचवणं फार अवघड होतं.

एका गोळीने काय बदललं?

बीसीआर-एबीएल प्रथिनाला काम करण्यासाठी एटीपी नावाच्या रेणूकडून ऊर्जा मिळते. हा रेणू प्रथिनातल्या एका खोबणीत बसतो. इमॅटिनिब नेमकं त्याच खोबणीत जाऊन बसतं. एटीपीला जागाच उरत नाही आणि इशारे थांबतात. स्कूटरच्याच भाषेत सांगायचं तर ॲक्सिलरेटर अडकलेलाच राहतो, पण पेट्रोलचा कॉक बंद होतो.

ब्रायन ड्रकर आणि निकोलस लिडन या शास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आलेल्या या औषधाच्या रुग्णांवरच्या चाचण्या १९९८ मध्ये सुरू झाल्या आणि मे २००१ मध्ये एफडीएने त्याला मंजुरी दिली. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत सीएमएलचं निदान झालेल्या साधारण तिघांपैकी एकच रुग्ण पाच वर्षांनी जिवंत असे. मुळापासून बरं होण्याची आशा फक्त बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये होती, पण त्यासाठी जुळणारा दाता आणि पैसा दोन्ही हवं आणि प्रक्रियेतच जिवाला धोका. इमॅटिनिबच्या 'आयरिस' या मोठ्या चाचणीतल्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला, तेव्हा दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के रुग्ण जिवंत असल्याचं दिसलं.

कॅन्सरच्या इतिहासात असे आकडे क्वचित पाहायला मिळतात. पण या आकड्यामागे तीन अडचणी शिल्लक राहिल्या.

पहिली अडचण: खोबणीचा आकारच बदलतो

कॅन्सरच्या पेशी विभागताना त्यांच्या जनुकांत बदल होत राहतात. एखादा बदल बीसीआर-एबीएलच्या त्या खोबणीतच झाला तर इमॅटिनिब तिथे नीट बसत नाही. औषध चालू असूनही आजार डोकं वर काढतो.

म्हणून दुसऱ्या पिढीची औषधं आली. २००६ मध्ये डॅसॅटिनिब, २००७ मध्ये निलोटिनिब, २०१२ मध्ये बोसुटिनिब. बहुतेक बदलांवर ती चालतात. पण एक बदल या सगळ्यांना पुरून उरला. त्याचं नाव टी-३१५-आय. प्रथिनाच्या साखळीतल्या ३१५ व्या जागेवरचं थ्रिओनिन हे अमिनो आम्ल जातं आणि त्या जागी आयसोल्युसिन येतं. एवढ्याने खोबणीचं तोंड अडतं आणि आधीची सगळी औषधं बाहेरच राहतात.

या बदलावर चालणारं पोनॅटिनिब २०१२ मध्ये आलं. पण रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचं प्रमाण चिंताजनक दिसल्याने पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली. नंतर कडक इशाऱ्यांसह ते परत आलं. चीनमध्ये २०२१ मध्ये ओल्व्हरेम्बॅटिनिब या औषधाला याच बदलासाठी मंजुरी मिळाली. भारतातही प्रयत्न झाले आहेत. मुंबईस्थित सन फार्मा ॲडव्हान्स्ड रिसर्च कंपनीने व्होडोबॅटिनिब हे औषध विकसित करून आधीची औषधं निकामी ठरलेल्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. प्रयोगशाळेत ते अनेक बदलांवर चाललं, टी-३१५-आय मात्र त्याच्या आवाक्याबाहेर राहिला.

ही सगळी औषधं वेगवेगळी असली तरी जागा एकच, ती एटीपीची खोबणी. ॲसिमिनिबचं वेगळेपण इथे आहे.

ॲसिमिनिबने कोणती नवी जागा शोधली?

मूळच्या निरोगी एबीएल प्रथिनाला एक छोटी शेपटी असते. काम संपलं की ती शेपटी वळून प्रथिनाच्याच दुसऱ्या एका कप्प्यात शिरते आणि प्रथिन बंद होतं. म्हणजे निसर्गाने ब्रेक बसवून दिलेला आहे. बीसीआर जिथे येऊन चिकटतं, तिथेच नेमकी ही शेपटी असते. त्यामुळे जोडप्रथिनात शेपटी गळून पडते. ब्रेक जातो, पण ब्रेकचा कप्पा मात्र रिकामा, जसाच्या तसा राहतो.

ॲसिमिनिब त्या रिकाम्या कप्प्यात शेपटीसारखं जाऊन बसतं. प्रथिन तेच आहे, टार्गेट करण्याची जागा नवी आहे. याचे दोन फायदे. एटीपीच्या खोबणीत कितीही बदल झाले तरी या कप्प्याचा आकार त्याने बिघडत नाही. म्हणून टी-३१५-आय असलेल्या रुग्णांतही ते उपयोगी पडतं, मात्र त्यासाठी डोस बराच जास्त लागतो. दुसरं म्हणजे एटीपीची खोबणी शरीरातल्या इतर शेकडो प्रथिनांमध्येही असते. जुनी औषधं कधीकधी तिथेही जाऊन अडकतात आणि दुष्परिणाम होतात. शेपटीचा हा कप्पा तितका सार्वत्रिक नाही.

नव्याने निदान झालेल्या ४०५ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तातलं बीसीआर-एबीएलचं प्रमाण ठरलेल्या मानकाच्या ०.१ टक्का किंवा त्याखाली येणं हे या आजारात महत्त्वाचं यश मानतात. ४८ आठवड्यांनंतर ॲसिमिनिब घेणाऱ्यांपैकी ६७.७ टक्के आणि जुन्या औषधांपैकी एखादं घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के रुग्ण तिथवर पोचले होते. इमॅटिनिबशी तुलना केली तर फरक आणखी मोठा होता. दुसऱ्या पिढीच्या औषधांशी तुलना केली तर तो बराच कमी होता. शिवाय रक्तातला आकडा लवकर खाली येणं म्हणजे आयुष्य वाढणं असं आपोआप होत नाही. ते सांगायला ४८ आठवडे पुरे पडत नाहीत.

आणि हा कप्पाही अभेद्य नाही. तिथेही जनुकीय बदल होऊन ॲसिमिनिब निकामी झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. म्हणूनच दोन्ही जागा एकाच वेळी अडवण्याची कल्पना पुढे आली. एकाच पेशीत दोन्ही जागी बदल होण्याची शक्यता फार कमी, हा त्यामागचा तर्क. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात उंदरांना ॲसिमिनिब आणि निलोटिनिब एकत्र दिल्यावर आजार गेला आणि औषधं थांबवल्यावरही परतला नाही.

दुसरी अडचण: गोळी थांबवली की काय होतं?

रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो. फ्रान्समधल्या 'स्टिम' या अभ्यासाने तो थेट विचारला. किमान दोन वर्षं रक्तात बीसीआर-एबीएलचा मागमूस नसलेल्या १०० रुग्णांची इमॅटिनिब थांबवण्यात आली. २०१० मध्ये निष्कर्ष आले. साधारण ४० टक्के रुग्णांत आजार परतला नाही. उरलेल्यांत तो परतला, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो पुन्हा आटोक्यातही आला. पुढे युरोपात सातशेहून अधिक रुग्णांवर असाच अभ्यास झाला, तेव्हा दोन वर्षांनंतर निम्मे रुग्ण औषधाशिवाय ठीक होते.

पण या निम्म्यांत मोजले जाण्यासाठी आधी वर्षानुवर्षं गोळी घ्यावी लागते आणि रक्तातला आकडा खोलवर खाली जावा लागतो. तो तसा प्रत्येकाचा जात नाही. म्हणजे एकूण रुग्णांचा विचार केला तर बहुतेकांना आजही गोळी चालूच ठेवावी लागते.

आजार परत कुठून येतो? अस्थिमज्जेत दडलेल्या ल्युकेमियाच्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींमधून. शेतात हरळी वरून कापली तरी काशी जमिनीत राहते आणि पाऊस पडला की पुन्हा फुटते, तसंच हे. २०११ मध्ये ड्रकर यांच्याच गटाने दाखवलं, की या मूळ पेशींमध्ये इमॅटिनिब बीसीआर-एबीएलला व्यवस्थित बंद पाडतं. तरीही पेशी मरत नाहीत. कारण जगण्यासाठी त्या बीसीआर-एबीएलवर अवलंबूनच नसतात.

याचा अर्थ स्पष्ट आहे. बीसीआर-एबीएलवर कितीही चांगलं औषध शोधलं, तरी ते काशीपर्यंत पोचेलच असं नाही. त्यासाठी वेगळंच टार्गेट हवं.

मग नवी टार्गेट्स कोणती?

मूळ पेशींना जिवंत ठेवणारे इतर मार्ग शास्त्रज्ञ तपासत आहेत. त्यातले काही प्रमुख असे:

• बीसीएल-२: हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. त्याला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध इतर रक्तकर्करोगांत आधीच वापरात आहे. सीएमएलमध्ये ते जुन्या औषधांच्या जोडीला दिल्यास मूळ पेशी मरतात, असं उंदरांमधल्या प्रयोगांत दिसलं आहे.

• स्टॅट-५: मूळ पेशींना सुप्तावस्थेत टिकून राहायला मदत करणारा हा दुवा. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या जुन्या औषधामुळे तो कमजोर होतो, असं २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मांडलं. पण त्या शोधनिबंधात पाठपुरावा झालेले रुग्ण फक्त तीन होते.

• पी-५३ आणि सी-मिक: ब्रिटनमधल्या ग्लासगोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या दोन प्रथिनांच्या जाळ्यावर एकाच वेळी घाव घातला, तेव्हा प्रयोगशाळेत आणि उंदरांत सीएमएलच्या मूळ पेशी निवडकपणे नष्ट झाल्या.

• हेजहॉग मार्ग: २००९ च्या सुमारास हे टार्गेट फार आशादायक वाटत होतं. उंदरांमधले निष्कर्ष चांगले होते. रुग्णांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मात्र अपेक्षित फायदा दिसला नाही, दुष्परिणाम तेवढे दिसले.

हेजहॉगचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. 'ल्युकेमियावर नवं टार्गेट सापडलं' अशी पोस्ट फिरते, तेव्हा तिचा अर्थ 'औषध आलं' असा नसतो. मूळ पेशींची खरी पंचाईत ही, की त्या निरोगी मूळ पेशींसारख्याच असतात. एकीला मारताना दुसरीला धक्का लागला तर रक्त तयार होणंच थांबेल. म्हणून बातमी वाचताना तीन गोष्टी पाहायच्या. प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर? आणि तुलना कोणत्या औषधाशी केली?

दुसऱ्या क्रॉनिक ल्युकेमियाचं काय?

क्रॉनिक ल्युकेमियाचा दुसरा मोठा प्रकार म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, सीएलएल. पाश्चात्त्य देशांत तो जास्त आढळतो, भारतात तुलनेने कमी. नव्या टार्गेटने काय साधतं, हे पाहायचं असेल तर इथे पाहावं.

त्याचं टार्गेट सापडलं ते एका वेगळ्याच आजारातून. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी डॉक्टरांनी वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या एका मुलाची नोंद केली. त्याच्या रक्तात अँटिबॉडी जवळपास नव्हत्याच. त्यामागचं जनुक १९९३ मध्ये सापडलं आणि त्याच्या प्रथिनाला 'ब्रुटन टायरोसिन कायनेज', बीटीके, असं नाव मिळालं. ते नसेल तर बी-पेशी तयार होत नाहीत. सीएलएल हा बी-पेशींचाच कॅन्सर. मग बीटीके बंद केलं तर? यातून इब्रुटिनिब आलं आणि २०१४ मध्ये सीएलएलसाठी मंजूर झालं.

इथेही तीच गोष्ट घडली. बीटीकेच्या ४८१ व्या जागेवर बदल झाला की औषध निकामी होतं. मग त्या जागेवर अवलंबून नसलेलं पिर्टोब्रुटिनिब आलं. आता तर बीटीके बंद करण्याऐवजी पेशीच्या कचरा यंत्रणेकडून ते प्रथिनच मोडून टाकणाऱ्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत. दुसरीकडे बीसीएल-२ ला अडवणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्समुळे सीएलएलचे अनेक रुग्ण ओबिनुटुझुमॅब या इंजेक्शनच्या जोडीने वर्षभर उपचार घेऊन औषध थांबवू शकतात. सीएमएलमध्ये जे अजून सगळ्यांना जमलेलं नाही, ते इथे दुसऱ्या टार्गेटमुळे अनेकांसाठी शक्य झालं.

तिसरी अडचण: भारतातला रुग्ण तरुण आहे

पाश्चात्त्य देशांत सीएमएलचा रुग्ण साधारण साठीच्या आसपासचा असतो. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींमध्ये तो तिशी-चाळिशीतला दिसतो. म्हणजे ऐन कमावत्या वयातला, घरात लहान मुलं असलेला किंवा लग्न ठरायचं असलेला.

'आयुष्यभर रोज एक गोळी' या वाक्याचं वजन साठीत वेगळं आणि तिशीत वेगळं. तिशीत त्याचा अर्थ चाळीसेक वर्षं गोळी. त्यात पाय दुखणं, डोळ्यांभोवती सूज, मळमळ, थकवा यांसारखे त्रास. दुसऱ्या पिढीच्या औषधांत फुफ्फुसाभोवती पाणी साचणं किंवा रक्तवाहिन्यांचे विकार. या गोळ्यांमुळे गर्भाला धोका असतो, म्हणून मूल हवं असलेल्या स्त्रीला डॉक्टरांशी बोलून कित्येक महिन्यांचं नियोजन करावं लागतं. गोळी थांबवता येणं ही अशा रुग्णासाठी चैन नाही.

आणि इतकी वर्षं गोळी चुकवायची नाही, हेही सोपं नसतं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या ८७ रुग्णांच्या २०१० मधल्या अभ्यासात ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या नियमित घेणाऱ्यांत वर सांगितलेलं ०.१ टक्क्याचं यश मिळण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या पुढे होती. ज्यांच्या गोळ्या त्याहून जास्त चुकल्या, त्यांच्यात ती २८ टक्क्यांवर आली. ९० टक्के म्हणजे महिन्यातून फक्त तीन गोळ्या चुकणं.

किमतीचा प्रश्न

महाराष्ट्राचा या कथेशी थेट संबंध येतो तो इथे. इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस कंपनीने भारतात पेटंट मागितलं होतं. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. कंपनीचं ग्लिव्हेक महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपयांना, तर भारतीय जेनेरिक आठ ते दहा हजारांना, असा तेव्हाचा फरक. (कंपनी अनेक रुग्णांना मदत योजनेतून औषध मोफतही देत होती.) १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीची मागणी फेटाळली. माहीत असलेल्या औषधाचं नुसतं रूप बदललं आणि परिणामकारकता वाढली नाही, तर पेटंट मिळणार नाही, हे पेटंट कायद्यातलं कलम ३(ड) त्या निकालाने ठामपणे उभं राहिलं.

पण ॲसिमिनिबसारखं औषध हे जुन्याचं नवं रूप नाही, तो मुळातच नवा रेणू आहे. अशा रेणूंना कलम ३(ड) ची आडकाठी सहसा येत नाही. म्हणजे विज्ञान जितकं खरोखर नवं, तितकं ते महाग राहण्याचा काळ मोठा. सीमाशुल्क माफ झाल्याने थोडा भार कमी होतो, पण मूळ किंमत कंपनीच ठरवते.

रुग्णासाठी आज याचा अर्थ काय?

भारतातल्या बहुसंख्य सीएमएल रुग्णांसाठी आजही इमॅटिनिब हेच पहिलं आणि चांगलं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ॲसिमिनिबची बातमी वाचून चालू गोळी कमी दर्जाची समजायचं कारण नाही. रक्तातल्या बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी होणं आणि गोळी न चुकणं, या दोन गोष्टींवर आज सर्वात जास्त अवलंबून आहे. तपासणीचा आकडा वर गेला तर आधी गोळ्या चुकल्या का हे पाहायचं आणि मग जनुकीय बदलाची चाचणी करायची, हा डॉक्टरांचा क्रम असतो.

'रिपोर्ट निल आला' म्हणून मनानेच गोळी बंद करणं हा मात्र सगळ्यात मोठा धोका. स्टिमसारख्या अभ्यासांत रुग्ण सुरक्षित राहिले ते दर महिन्याला तपासणी होत होती म्हणून. आजार परतताना आधी काहीच जाणवत नाही. तपासणीविना थांबवलेली गोळी कित्येकदा ब्लास्ट क्रायसिसपर्यंत नेऊ शकते.

सीएमएलमध्ये पहिलं टार्गेट सापडून औषध यायला १९६० ते २००१ अशी ४१ वर्षं गेली. त्या गोळीने रुग्णांना जगवलं. आता शोध आहे तो अशा टार्गेटचा, ज्यामुळे ती गोळी एक दिवस निश्चिंतपणे थांबवता येईल.